जंगमाची चूल

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, पुण्याला मुलांकडे जातात, नाहीतर सोसायटीच्या भांडणांत रमतात. आमच्या ह्यांनी व्हॅन घ्यायचं काढलं. मोठी, उंच टपाची व्हॅन घ्यायची, आतल्या सीटा काढायच्या आणि झोपणं, स्वयंपाक, पाणी, वीज सगळं बसवून तिचं फिरतं घर करायचं. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे कुठलाही विचार आधी मापात बसायला लागतो. आमच्या लातूरच्या घरात त्या उन्हाळ्यात जेवताना आमटीइतकंच मिलिमीटरचं वाढप होत असे.

मी नांदेडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. मापं मला कळत नाहीत असं नाही, पण मला दुसराच प्रश्न छळत होता. घर सोडून फिरण्याला आपल्याकडे एवढी प्रतिष्ठा आहे. बुद्धापासून चक्रधरांपर्यंत सगळ्यांनी पहिली गोष्ट केली ती उंबरा ओलांडायची. मग उंबराच गाडीत घालून निघालेल्या माणसाला घर सोडल्याचं काय मिळणार? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आधी गाडी तर ठरू दे."

पर्याय तीन. फोर्सची ट्रॅव्हलर, टाटांची विंगर आणि फोर्सचीच नवी अर्बानिया. अर्बानिया एकदा आत बसून पाहिली, किंमत ऐकली आणि नमस्कार करून उतरलो. राहिल्या दोन. ट्रॅव्हलरला आपल्याकडे अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. ती आली १९८७ साली, तेव्हा कंपनी बजाज टेम्पो होती. कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदललं, लोकांनी काही बदललं नाही. मुळात जुन्या मर्सिडीज व्हॅनचा घाट, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर, अशा वेगवेगळ्या लांब्यांत मिळते. विंगर २००७ सालची, रेनॉच्या जुन्या ट्रॅफिक व्हॅनवरून घेतलेली. तिची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे पोटाखालून मागेपर्यंत लोखंडी दांडा न्यावा लागत नाही आणि तळ खाली राहतो. चढउतार सोपी. माझे गुडघे विंगरच्या बाजूने होते.

ह्यांचा आक्षेप काळ्या मातीचा. मागे पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंग एवढं वजन घातलं की पुढची चाकं हलकी होणार, आणि ताकद तर पुढच्याच चाकांत. अहमदपूर-चाकूरकडच्या रानात पावसाळ्यात रस्ता सोडून दहा हात आत गेलं की चाकाला चिखलाचा एवढा गोळा बसतो की चाक आणि मडगार्ड एक होऊन जातं. तिथं मागून ढकलणारी चाकं बरी. या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं की पावसाळ्यात आपण रस्ता सोडून दहा हात आत कशाला जाणार आहोत.

नवी घ्यायची की जुनी, यावर आणखी काही आठवडे गेले. जुन्या गाड्या बघताना मला माझे वडील आठवायचे. ते उदगीरकडच्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घ्यायला जायचे तेव्हा दात मोजायचे, खूर उचलून बघायचे, बैलाला चार पावलं चालवायचे, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचा. आमचे हे तसेच गाडीखाली आडवे होऊन चॅसीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवत. एक विक्रेता कौतुकाने म्हणाला, "सर, खोड काढूलालाव का गाडी घेऊलालाव?"

त्यातच एक गाडी पुढे आली. उंच टपाची ट्रॅव्हलर, आत एसी, भिंतींना कपाटं, दिव्यांची वायरिंग तयार, मागे दोन दारं आणि जिभेसारखी उतरती पायरी. मी आत शिरले आणि वास ओळखला. ती रुग्णवाहिका होती. २०१४ मध्ये राज्यात १०८ ची सेवा सुरू झाल्यापासून हा आकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे, आणि खाजगी दवाखान्यांनीही तसल्याच गाड्या घेतल्या. फिरत्या घराला याहून सोयीचं काही नाही, अर्धं काम झालेलंच असतं. हे खुश. मला मात्र तिथं रात्रीची झोप लागेल असं वाटेना. ज्या जागी स्ट्रेचर होतं त्याच जागी आमचा पलंग येणार.

इथं माझी पंचाईत झाली. आम्ही लिंगायत. आमच्याकडे सूतक पाळत नाहीत. जननाचं, मरणाचं, रजस्वलेचं, उष्ट्याचं, जातीचं, पाचही प्रकारचं सूतक बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी नाकारलं. देहावर इष्टलिंग असलेल्याला विटाळ कुठून होणार, हा त्यामागचा विचार. हे मी वर्गात मोठ्या अभिमानानं शिकवलेलं. ह्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "तुमच्या बसवण्णांना चालतं, तुम्हाला चालत नाही?" मी म्हटलं, मला विटाळाचं काही नाही, मला त्या माणसांचं वाटतं जी या गाडीत शेवटचं छत बघून गेली. यावर ते गप्प बसले. ती गाडी आम्ही घेतली नाही, पण माझा तो युक्तिवाद कितपत खरा होता हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तत्त्व एक सांगतं आणि अंगावर काटा दुसऱ्याच कारणाने येतो, असं विचार शिकवणाऱ्यांच्या बाबतीत फार होतं.

छताचा विषय आमच्या भागात साधा नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दोन-दोन, तीन-तीन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं जाड माळवद. आमच्या मुलखातल्या उन्हावर इतकं चांगलं घर दुसरं नाही. भर वैशाखात आत मातीच्या माठासारखा गारवा. पण भिंतीतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि वरचं ओझं तर दर वर्षी गळती बुजवायला घातलेल्या मातीनं वाढतच गेलेलं. घर जितकं वडिलोपार्जित तितकं जड. हजारो माणसं स्वतःच्या घराखाली गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची मिळून ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. माझी आई त्या रात्री गोठ्यापाशी झोपली होती म्हणून वाचली. पुढे तिला सिमेंटचं घर मिळालं, तरी ती मरेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्येच झोपली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात कानठळ्या बसायच्या. ती म्हणायची, पत्रा पडला तर टेंगूळ येईल.

व्हॅनचं छतही पत्र्याचंच. म्हणून मला ह्यांच्या वेडाचा एक भाग पहिल्यापासून समजत होता. जो मुलूख आपल्या घरांखाली मेला आहे, त्याला हलकं, चाकांवरचं छत हवंसं वाटणं यात नवल नाही. बसवण्णांच्या विचारातही हा धागा आहे. दगडात बांधलेलं ते ढासळतं, चालतं ते टिकतं, हा त्यांचा स्थावर आणि जंगम यांच्याविषयीचा निवाडा सर्वांना माहीत असतो, आणि त्यांची कर्मभूमी कल्याण आमच्या सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यातच. देऊळ बांधू न शकणाऱ्या माणसानं देहच देऊळ करावा आणि इष्टलिंग गळ्यात घेऊन चालावं. मी गमतीनं ह्यांना म्हटलंही, तुमची व्हॅन म्हणजे मोठ्या मापाचं इष्टलिंगच की. ते खुश झाले. मी लगेच पुढचं सांगितलं. नुसतं हलणारं ते जंगम, असं शरणांनी म्हटलेलं नाही. जंगम हा दारात येतो, आणि त्याच्या रूपानं शिव दारात येतो. त्याला वाढणं हा दासोह. म्हणजे जंगमाला दुसऱ्याचं दार लागतं. ज्या गाडीत शंभर लिटर पाणी, फ्रिज, शेगडी आणि संडास आहे, ती कुणाच्या दारात कशाला थांबेल? गावाच्या बाहेर, वडाखाली, पाणंदीच्या कडेला उभी राहील आणि सकाळी निघून जाईल. त्या गावाचं नावही आपल्याला पाटीवरून कळेल.

माझा मूळ मुद्दा तो हाच. आपल्या भागात फिरण्याच्या जेवढ्या परंपरा आहेत त्या सगळ्यांत फिरणारा माणूस गरजू ठेवलेला आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. महानुभावांचं बघा. चक्रधरांनी अनुयायांना सांगितलेली आचारसूत्रं वाचली तर त्यांतली निम्मी शिस्त अटनाची आणि भिक्षेची आहे. ओळखीपासून लांब जा, एका जागी रुतू नका, मिळेल ते झोळीत घ्या. चांगलं घर आणि साधं घर असा भेद करू नका. कडू-गोड वेगळं करू नका. भिक्षा पोटासाठी जेवढी, तेवढीच मान मोडण्यासाठी.

आणि दत्त. माहूर आमच्या नांदेड जिल्ह्यातलं. लोकांच्या श्रद्धेत दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निजायला माहूरला येतात. महानुभावांच्या परंपरेत जेवणाची जागा बीड जिल्ह्यात गोदाकाठी पांचाळेश्वरला आहे. निजायची मात्र माहूरलाच. इतका फिरता देव, पण त्याचीही झोपायची जागा ठरलेली, आणि जेवण मात्र रोज दुसऱ्याच्या हातचं. आमची व्हॅन याच्या बरोबर उलट निघाली होती. झोप कुठेही, जेवण मात्र आपल्याच शेगडीवरचं. मी हे मोठ्या आवेशानं मांडलं. हे शांतपणे म्हणाले, "दत्ताला मधुमेह नव्हता."

त्यांच्या बाजूनेही शास्त्र होतं, आणि ते माझ्याच घरचं. कायक. शरणांनी जंगमालाही कष्टातून सूट दिली नाही. राबून मिळवायचं आणि मग वाटायचं, आयतं मागायचं नाही. शीख परंपरेत तर हे आणखी स्पष्ट आहे. घरदार टाकायचं आणि मग पोटासाठी पुन्हा गृहस्थाच्याच दारी उभं राहायचं, या प्रकारावर गुरूंनी कडक टीका केली आहे. कष्टानं कमवा आणि वाटून खा, ही तिथली शिकवण. "मग आपली पेन्शन, आपला गॅस, आपलं पीठ. कुणाला त्रास नाही. यात तुमच्या कायकाचं काय बिघडलं?" असं त्यांनी विचारलं. बिघडलं काहीच नव्हतं. पण कायक हे अर्धं वाक्य आहे, दासोह त्याचं उरलेलं अर्धं, आणि त्या गाडीच्या नकाशात तिसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती.

नकाशा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. ४०२० च्या लांब गाडीचा होता. मागे आडवा पलंग, मग एका बाजूला संडास-न्हाणी, समोर स्वयंपाकाचा ओटा, ओट्याखाली पाच किलोचा सिलिंडर, वर चमच्यांपासून मसाल्याच्या डब्यांपर्यंत खण. मी विचारलं, हे सगळं कुणासाठी?

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं की एवढे दिवस मी जे बोलत होते त्यात जंगम, भिक्षू, संन्यासी सगळे पुरुष होते, आणि मी सुद्धा त्यांच्याच बाजूनं विचार करत होते. संन्यास घेताना आपल्या जुन्या परंपरेत माणूस अग्नी सोडतो. घरचा अग्नी मंत्रानं स्वतःच्या आत घ्यायचा आणि नंतर बाहेर विस्तव पेटवायचा नाही. संन्यासी रांधत नाही. निरग्नी. गीतेच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच मुळी असं बजावून होते की नुसता अग्नी टाकला म्हणून कोणी संन्यासी होत नाही. हा अध्याय मी वर्षानुवर्षं शिकवला. फळाची आशा, कर्तव्य, समत्व, सगळं फळ्यावर लिहिलं. पण ज्या अग्नीबद्दल ते चाललं होतं त्याला फुंकर कोण घालत होतं, हे मला फळ्यापाशी कधी सुचलं नाही. आमच्या घरातला अग्नी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे होता. कॉलेजात जायच्या आधी आणि आल्यावर. माझ्यासाठी संन्यास जर काही असेल तर तो तिथून सुरू होतो. आणि हे प्रेमानं मला त्याच चुलीला चाकं लावून देत होते.

म्हणून मी जाहीर केलं की गाडीत चूल नको. झोपायला जागा असू दे, पाणी असू दे, जेवण गावात. जिथं जाऊ तिथं खानावळ असते, देवस्थानात अन्नछत्र असतं, ओळखीपाळखी असतात. माझा सिद्धान्तही त्यामुळे वाचत होता. पण तो दोन दिवसही टिकला नाही, कारण मी मनुस्मृती काढून भिक्षेचे नियम पुन्हा वाचले. मनू काही आमच्या घरचा नाही, पण नियम बारकाईनं लिहितो. संन्याशानं भिक्षेला कधी जावं, तर घरातला धूर थांबल्यावर, मुसळ शांत झाल्यावर, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. गृहस्थाला ओझं होऊ नये म्हणून. किती समंजस नियम! फक्त, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर घरात जेवायचं कोण राहिलेलं असतं? आमच्या आईच्या घरात तरी ती एकटीच. त्या वेळी दारात आलेल्या झोळीत जी भाकरी पडली ती कोणाच्या ताटातली, हा हिशेब कुठल्याही स्मृतीत नाही. पुरुषानं अग्नी सोडला तेव्हा चूल विझली नाही, फक्त ती दुसऱ्या घरातल्या बाईची झाली. मी गाडीत चूल नको म्हणत होते तेव्हा मीही तेच करत होते. मी जिच्या खानावळीत जेवणार तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे असतील असं कशावरून?

दुसऱ्यावर विसंबून असणं हे आपोआप पवित्र असतं, हाही माझा भ्रमच होता. आमच्याच जिल्ह्यात दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मागेपुढे चाकांवरचा संसार येतो. ऊसतोड मजूर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पेटारा, शेळी, पोरं. फडाच्या कडेला बांबू आणि पाचटाची कोपी. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात आणि उचल त्या कोयत्यावर दिलेली असते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी करून बाई फडात जाते, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. पाण्यासाठी, उचलीसाठी, अंधारात आडोशासाठी सगळ्यासाठी दुसऱ्यावर विसंबून. कारखान्यांची धुराडी पेटली की लातूरच्या कुठल्याही रस्त्यावरून हे दिसतं. त्या कोपीपाशी आपली गाडी उभी करून, मला भटकंतीत परावलंबन हवं आहे, असं म्हणायला जीभ रेटेल का? ज्याला घरी परतता येतं त्यालाच बेघरपणाची चव घेता येते. बुद्धालाही राजवाडा होता. तेवढ्यानं त्याचं घर सोडणं खोटं ठरत नाही, पण कोपीतल्या बाईला तो अध्याय वाचून दाखवायचा नसतो.

पाण्याचंही तसंच. शंभर लिटरची टाकी की साठची, यावर ह्यांनी मला मत विचारलं तेव्हा मी लातूरकर म्हणून उत्तर दिलं, दोनशेची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. त्या काळात घरात पलंगाखाली, जिन्यात, गॅलरीत जिथं जागा तिथं बॅरल भरलेलं असे. अपरिग्रहावर मी चांगलं व्याख्यान देऊ शकते, पण भरलेलं बॅरल दिसलं की आजही मला बरं वाटतं. हे म्हणाले, दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, गाडी बसेल. शंभरावर तडजोड झाली.

आणि संडास. अक्कमहादेवी काहीही न घेता कल्याणला आली आणि तिथून श्रीशैलाला गेली. मी अक्कमहादेवी नाही. बसस्थानकांवरची स्वच्छतागृहं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी जास्त सांगायला नको. बाई प्रवासात पाणी कमी पिते, हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे की त्याला प्रश्न म्हणत नाही. वैराग्याचे ग्रंथ पुरुषांनी लिहिले याचा पुरावा मला भाषेत शोधायची गरज वाटत नाही. देहाच्या सगळ्या गरजांची त्यांनी निंदा केली आहे, पण आडोसा कुठं मिळेल ही चिंता कुठंच नाही. गाडीत संडास हवा, यावर मी वाद होऊ दिला नाही.

चुलीचं उत्तर मात्र नांदेडला मिळालं. नोकरीच्या काळात मी अधूनमधून लंगर साहिब गुरुद्वाऱ्यात जात असे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला जगभरचे लोक येतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी आयुष्याचे शेवटचे दिवस इथं काढले, ग्रंथसाहिबाला गुरूचं स्थान दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पण माझ्यासारख्या बाईला लंगरच्या चुलीपाशी जाऊन बघायचं असतं. पगडी बांधलेले, पिळदार मिशांचे, साठीचे पुरुष परातीत कणीक तिंबत असतात. एक म्हातारा ट्रकवाला तव्यावरच्या पोळ्या उलथत असतो. खरकटी भांडी घासायला रांग, आणि तिथंही पुरुष. घरी ते काय करतात देव जाणे. पण तिथं स्वयंपाक ही सेवा आहे, आणि सेवा म्हटली की पुरुषाचा हात आपोआप पुढं येतो, हे मी पाहिलं आहे. घर न सोडता, मागणं न करता, आणि तरीही परक्याला पंक्तीत बसवता येतं. कायक आणि दासोह दोन्ही एका तव्यावर. चूल सोडण्यापेक्षा चूल दुसऱ्या हातात जाणं, ही गोष्ट माझ्या पुस्तकांत नव्हती.

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून तिथं गेलो, गाडी बघायला नांदेडला आलो होतो त्या निमित्तानं. ह्यांना मी पोळ्यांच्या बाजूला बसवलं आणि स्वतः पंगतीत बसले. त्यांच्या पहिल्या पोळ्या बऱ्याचशा महाराष्ट्राच्या नकाशासारख्या झाल्या. शेजारच्या सरदारजींनी एक शब्द न बोलता त्या शेकून टोपलीत टाकल्या. परतताना लोह्यापर्यंत आम्ही काही बोललो नाही. लोह्याला चहा घेताना मी म्हटलं, "गाडीत चूल राहू दे. पण रांधायचं तुम्ही. मी वाढीन. आणि वाटेत जे भेटेल त्याला बसायला एक बाकडं हवं." ते म्हणाले, मला फक्त पिठलं येतं. मी म्हटलं, दत्ताला तेवढंही येत नव्हतं.

यानंतर गाडी आपोआप ठरली, आणि ती तत्त्वज्ञानानं ठरली असं मी मैत्रिणींना सांगते. हे सहा फुटांना जेमतेम कमी. खालच्या टपाच्या गाडीत मी ताठ उभी राहू शकत होते, ह्यांना मान वाकवावी लागत होती. चूल माझी असती तर ठेंगणी गाडी चालली असती, पैसेही वाचले असते. ह्यांना उभं राहून पिठलं हाटायचं तर उंच टपाला पर्याय नाही. गुडघ्यांसाठी म्हणून एक जोडपायरी लावून घ्यायची ठरली आणि मी विंगरचा हट्ट सोडला. लांबीत मात्र आम्ही ४०२० वरून ३३५० वर आलो. खणांची एक ओळ उडवली, मागचा आडवा पलंग काढला, रात्री पलंग होईल असं बाकडं घेतलं. दिवसा त्यावर तीन परकी माणसं बसतील. माझ्या वडाखाली थांबणाऱ्या गाडीच्या शंकेचं यानं पूर्ण समाधान झालं असं नाही. बाकडं असलं म्हणून कोणी येऊन बसेलच असं थोडंच आहे. गावं आता अनोळखी गाडीकडे संशयानं बघतात, आणि त्यांचं चुकत नाही.

कायद्याचं त्रांगडं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीनं बनवलेल्या आणि नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाही. आत घर करायचं तर ते मान्यतेनं आणि नोंदणी-पुस्तकात लिहून घेऊन. आरटीओचा एजंट म्हणाला, "काकू, घर म्हनून नोंद करायची का गाडी म्हनून?" मला वाटलं, या प्रश्नावर मी अख्खं सत्र शिकवू शकले असते. ह्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि रकाने भरायला घेतले.

एमआयडीसीतल्या ज्या मिस्त्रीकडे काम दिलं तो बायकांच्या मापाचे किचन ओटे बनवण्यात मुरलेला. चटईवर नकाशा पसरून, कानामागची पेन्सिल काढून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काकू, इकडं उभ्या ऱ्हावा जरा. कोपराचं माप घेतो. वट्टा किती उंच करायचा ते कळतंय."

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. मिस्त्री हसला, त्याला थट्टा वाटली. मग मी हललेच नाही हे बघून त्यानं टेप लांबवला, ह्यांना गाडीच्या दारापाशी उभं केलं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेऊन कागदावर लिहिलं. माझ्या ओट्यापेक्षा तब्बल चार इंच जास्त निघालं.

"सर," तो म्हणाला, "इतक्या उंचीवर काकूंचा हात पुरनार नाही बरं का. नंतर म्हनू नका."